पाठमोरा आत ये

शिक्षणाचा प्रकाश पडला की माणसाच्या मनातली भुतं पळून जातात, हे मी आजवर शाळेच्या स्नेहसंमेलनात, गावच्या सभेत आणि दोन लग्नांत भाषण करून सांगितलेलं आहे. सगळीकडे टाळ्या मिळाल्या. टाळ्या आटोपून अंधार पडल्यावर घरी आलो, की मी जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर थांबतो, वळतो, रस्त्याकडे तोंड करतो आणि पाठमोरा घरात शिरतो.

गावात सगळेच तसे शिरतात. मेलेल्या माणसाचं जे काही उरतं आणि जायला तयार नसतं, ती जंबी. ती अंधारात आपल्या मागोमाग घरापर्यंत येते. तिच्याकडे तोंड करून आत गेलं तर तिला उंबरा ओलांडता येत नाही. विद्यार्थी विचारतात तेव्हा मी शास्त्रीय कारण देतो: पाठमोरं शिरलं की हात दारावर राहतो, दार लगेच लागतं आणि डास आत येत नाहीत. हे कारण मीच शोधून काढलेलं आहे आणि ते पटलेला माणूसही आजवर मीच.

आमच्या गावाला नाव नाही, नंबर आहे. आमच्या पणजोबांना मजूर म्हणून समुद्रापलीकडून बोटीने आणून उतरवलं, त्या या किनाऱ्यावर सगळ्याच गावांना नंबर आहेत. आमचा मी इथे देत नाही, कारण शेजारच्या नंबरवाल्यांना आमच्याबद्दल बोलायला आधीच पुष्कळ मिळालेलं आहे.

त्यांना मिळालेला विषय म्हणजे माझा भाचा तामेश. माझ्या बहिणीचा, परबत्तीचा, थोरला. भाताच्या गिरणीत कामाला होता, एकोणीस वर्षांचा होता, आणि गेल्या वर्षी आपल्या हाताने गेला. हे मी इथे लिहितो आहे. गावात एवढं कोणी म्हणत नाही. गावात 'ते झालं तेव्हा' असं म्हणतात. 'ते झालं तेव्हा भोपळे फार आले होते,' असं. तेराव्याला पंडितजी प्रारब्धावर बोलले. नातेवाइकांनी जंबीने नेलं असं ठरवलं, आणि एकदा जंबीने नेलं म्हटलं की कोणी कोणाला काही विचारायची गरज राहत नाही. परबत्तीचा नवरा न्यूयॉर्कला असतो. तो दर रविवारी फोन करून भाताची आणि छपराची चौकशी करतो.

वर्षभर त्या घरात तामेशचं नाव निघालं नाही. त्याचे गुडघ्यापर्यंतचे काळे रबरी बूट मात्र जिन्याखाली होते तिथेच राहिले. ते उचलायचे म्हणजे कोणाचे आहेत ते म्हणावं लागलं असतं.

मागच्या महिन्यात एका शनिवारी सकाळी मी दाढी करत होतो, तेव्हा परबत्ती कुंपणाशी आली. आमची घरं शेजारी शेजारी आहेत.

"भैया, पोरगी सरळ आत येते."

"कोण पोरगी?"

"किती पोरी आहेत मला? ओम!"

ओमवती, तिची धाकटी. सोळा वर्षांची, माझ्याच शाळेत.

"सरळ म्हणजे?"

"सरळ म्हणजे सरळ. तोंड पुढे करून. अंधार पडल्यावर. गाय गोठ्यात शिरते तशी. वर दार उघडं टाकते. मी म्हटलं, वळ गं, तर म्हणते, का वळू?"

"वयच आहे तसं."

"वय? वयात आलेल्या पोरी आरशासमोर बसतात, भैया. ही जेवत नाही. काही विचारलं की म्हणते, ठीक. ओझाला बोलावलं, त्याने मिरच्या उतरवल्या, घरभर ठसका झाला, कोंबड्यासुद्धा खोकल्या. ही म्हणते, ठीक." तिने आवाज खाली आणला. "आणि ती झोळी. रोज संध्याकाळी गुंडाळून खांबाला बांधते मी. सकाळी सुटलेली असते. हलत असते."

आमची घरं खांबांवर असतात आणि घराखालच्या मोकळ्या जागेत आडवं पडायला दोरीची झोळी असते. परबत्तीकडची झोळी तामेशची होती.

"वारा असेल," मी म्हणालो.

"वारा गाठ सोडतो?"

"कधी कधी."

"तू शिकलेला ना? मग तू येऊन बांध."

मी बांधली. लहानपणी स्काउटमध्ये शिकलेली गाठ घातली. सकाळी झोळी सुटलेली होती आणि समुद्राकडून वारा नसताना हलत होती. जिन्याखालच्या बुटांचं तोंड आदल्या दिवशी घराकडे होतं. आता ते समुद्राकडे होतं. मी ही गोष्ट मनातून काढून टाकायचं ठरवलं. त्या दिवसापासून मी वर्गात फळ्यावर नद्या काढत असताना माझ्या पाठीमागे कोणीतरी उशिरा येऊन शेवटच्या बाकावर बसतं आहे, असं मला वाटायला लागलं. वळून पाहिलं की तिथे कोणी नसायचं. माझ्या वर्गात होता तेव्हा तामेश उशिराच यायचा.

ओम पुढून दुसऱ्या बाकावर असते. ती पूर्वी माझ्याशी भांडायची; अ‍ॅमेझॉन नदी शेजारच्या देशाला दिली, आम्हाला का दिली नाही, यावरून एकदा तिने अख्खा तास खाल्ला होता. आता ती फळ्याच्या पलीकडे बघत बसायची. तिच्या मनात तेच चाललं असेल, जे तिच्या भावाच्या मनात चाललं होतं, ही शंका मला आली होती. परबत्तीला आली होती. माझ्या बायकोला तर सगळ्यांच्या आधी आली होती. आम्ही तिघांनी मिळून तिच्या जेवणाबद्दल काळजी व्यक्त केली.

याच सुमारास राजधानीतल्या आरोग्य कचेरीने आमच्या शाळेत तरुणांशी मोकळ्या संवादाचा कार्यक्रम ठरवला. अध्यक्ष मी. मागे मोठा फलक होता, त्यावर 'बोला!' असं लिहिलेलं होतं. त्याप्रमाणे आधी प्रादेशिक परिषदेचे सदस्य बोलले, मग पंडितजी बोलले, मग मौलवीसाहेब, मग पाद्री. तरुणांनी मन मोकळं करावं यावर चौघांचं एकमत होतं. प्रत्येकाने आपल्या तारुण्यात आपण किती सोसलं आणि तरी एक अक्षर बोललो नाही, हे अभिमानाने सांगितलं. तरुण प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर घामाघूम होऊन बसले होते.

शेवटी ओमने हात वर केला. मला आश्चर्य वाटलं.

"आम्ही बोललो," ती म्हणाली, "तर ऐकणार कोण?"

"फार चांगला प्रश्न," प्रादेशिक सदस्य म्हणाले, आणि कालव्यांच्या सफाईवर बोलले.

मी आभार मानले. तरुणांनी शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल त्यांचे खास आभार मानले. मग डालपुरी आणि आंब्याचं लोणचं होतं.

राजधानीहून आलेल्या बाईंचं नाव मिस बास्कम. धिप्पाड, काळ्या, पांढऱ्या केसांच्या. कार्यक्रमभर त्यांना बोलायला कोणी दिलं नव्हतं आणि त्याचं त्यांना काही वाटलेलं दिसत नव्हतं. डालपुरीचा तुकडा मोडत त्या म्हणाल्या, "सर, ती मुलगी कोण?"

"माझी भाची."

"तिचा भाऊ तो?"

"ते झालं तेव्हा..." मी सुरुवात केली.

"कधी मेला तो?"

मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी ऐकलं नव्हतं. "वर्ष होईल."

"तिला विचारलंत?"

"काय?"

"मरावंसं वाटतं का, ते."

माझ्या हातातलं लोणचं सदऱ्यावर पडलं. "बाई, असं कसं विचारायचं? डोक्यात नसेल तर यायचं."

"तुम्ही मुलांना विचारता ना, भागाकार येतो का? तेवढ्याने येतो?"

"तसं असतं तर आमचा निकाल बरा लागला असता."

"मग विचारा. विचारल्याने कोणी मरत नाही, सर. सरळ शब्दांत विचारा, आडून नको. आणि मग गप्प बसा."

"किती वेळ?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला जड जाईल," त्या म्हणाल्या. पुढच्या सोमवारी त्या आमच्या आरोग्य केंद्रात बसणार होत्या. फोनचा नंबर त्यांनी डालपुरीच्या कागदावरच लिहून दिला.

तीन दिवस मी विचारायचं पुढे ढकललं. त्यासाठी कारणं शोधावी लागली नाहीत; शाळेत ती तयारच असतात. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, दिवस मावळताना कुंपणावरून पाहिलं तर परबत्तीच्या घराखाली झोळी हलत होती आणि झोळीतून ते काळे बूट बाहेर आले होते. बुटांत पाय होते.

मी कुंपण ओलांडलं आणि झोळीपासून चार पावलांवर थांबलो. मग झोळीतून ओमचं डोकं वर आलं.

"मामू, उभा का? भाषण आहे?"

"नाही. बसतो." मी उलट्या बादलीवर बसलो. वरून परबत्तीच्या स्वयंपाकाचा आवाज येत होता. आमच्याकडे तव्यावरची गरम रोटी दोन्ही तळहातांत घेऊन टाळ्या वाजवून फोडतात, पदर सुटे व्हावेत म्हणून. माझ्या डोक्यावर, फळ्यांच्या फटींपलीकडे, ती एकामागून एक टाळी वाजवत होती. त्या फटींतून खालचं सगळं वर ऐकू जातं. ते माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

"अभ्यास कसा चाललाय?"

"ठीक."

"जेवलीस?"

"ठीक."

"जेवलीस का, विचारलं मी."

"तू तेच तेच विचारतोस, मी तेच तेच सांगते. बुटांकडे काय बघतोस? विचार की."

"झोळी तू सोडतेस?"

"मग कोण? ती गाठ तुझी होती ना? फार सोपी होती, मामू."

"आणि हे बूट... तामेशचे..."

वर टाळ्या थांबल्या. त्या घराच्या हद्दीत ते नाव वर्षभरात पहिल्यांदा निघालं होतं, आणि ते माझ्याच तोंडून निघालं हे मला जरा उशिरा कळलं. झोळीही थांबली. तळ्याकडचे बेडूक ओरडत होते. आता मागे फिरायला जागा नव्हती, म्हणून मी हजेरी घेताना लावतो त्या आवाजात म्हणालो, "ओम, तुला मरावंसं वाटतं का?"

ती दचकली नाही. मी दचकलो.

"कधी कधी," ती म्हणाली.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. जीवन अमूल्य आहे इथून ते सुरू होतं आणि साधारण पाऊण तास चालतं. मी तोंड उघडलं, मिस बास्कम आठवल्या, आणि ते मिटलं.

"रोज नाही," ओम म्हणाली. "मंगळवारी फारसं नाही. मंगळवारी तुझा दोन तास भूगोल असतो, तेव्हा नुसतं झोपावंसं वाटतं."

"आज?"

"आज नाही. काल होतं. काल समुद्राच्या भिंतीवर जाऊन बसले होते. बराच वेळ. मग डास चावायला लागले म्हणून आले परत."

मी मान हलवली.

"तू ओरडणार नाहीस?"

"नाही."

"माला सांगशील?"

तव्यावरची रोटी जळल्याचा वास यायला लागला होता.

"सांगू?" मी विचारलं.

तिने खांदे उडवले. मग झोळीच्या दोऱ्या बोटांत गुंडाळत म्हणाली, "तू नव्हतास त्या दिवशी. तो गिरणीतून उशिरा आला. धडाधड जिना चढला, सरळ आत. मा चुलीशी होती. तो म्हणाला, मा, मला काहीतरी सांगायचंय. मा म्हणाली, आधी बाहेर जा. पाठमोरा आत ये. मग सांग."

"मग?"

"मग गेला की बाहेर. वळला आणि आला पाठमोरा. मा म्हणाली, हं, बोल आता. तो म्हणाला, काही नाही, विसरलो. जेवला, झोपला." ती थांबली. "मी बघत होते, मामू. त्याची पाठ आत आली. तोंड बाहेरच राहिलं."

अंधार आता नीट पडला होता. जिन्याच्या पायऱ्या अर्ध्यापर्यंतच दिसत होत्या.

"मी दारात वळते ना," ती म्हणाली, "तेव्हा तो खाली उभा असतो. म्हणजे असतो असं वाटतं. आणि मी त्याच्याकडे तोंड करून दार लावते. रोज. त्याला बाहेर ठेवून. म्हणून मी वळणं सोडलं. येऊ दे त्याला. काय सांगायचं होतं ते सांगू दे. नाही तर मग मीच जाऊन विचारते."

वरचं दार वाजलं. जिन्यावर पावलं आली, सावकाश, एकेक पायरी घेत. ओमने माझा हात घट्ट धरला. मीही तिचा धरला, आणि खरं सांगायचं तर मला आधाराची गरज जास्त होती. पावलं शेवटच्या पायरीवर थांबली. परबत्ती होती. कोपरापर्यंत पीठ होतं.

ती ओरडेल असं मला वाटलं. ती पायरीवर बसली.

"जेवला नव्हता तो," ती म्हणाली. "एक रोटी खाल्ली. दुसरी खिशात घालून कुत्र्याला दिली. मी पाहिलं खिडकीतून. म्हटलं, सकाळी विचारू."

परबत्तीने वर खिडकीकडे पाहिलं.

"तामेश," ती म्हणाली. एखादा कपडा अजून अंगाला येतो का बघावा, तसं म्हणाली. मग पुन्हा म्हणाली. "मी त्याला बाहेर काढलं, ओम."

"तू त्याला आत बोलावलंस, मा. आपल्यात असंच बोलावतात."

"मला भीती वाटायची, तो मागे मागे येईल आणि विचारेल, का गं मला परत पाठवलंस. म्हणून तुला म्हणायचे, वळ. मला त्याची भीती वाटायची. माझ्या पोराची." तिने पिठाच्या हाताने तोंड पुसलं, त्याने काही सुधारणा झाली नाही. "तू काल कुठे होतीस?"

"तू ऐकलंस ना वरून."

"तू सांग. मला तोंडावर सांग."

ओमने सांगितलं. भिंतीवर किती वेळ बसली, काय काय मनात आलं, पाणी कसं दिसत होतं, सगळं. मधे दोनदा ती थांबली आणि दोन्ही वेळा मला काहीतरी चांगलं सुचलं होतं. मी ते गिळलं. परबत्तीनेही एकदासुद्धा 'असं बोलू नये' म्हटलं नाही. तिने झोळीपाशी जाऊन एकेक बूट ओढून काढला.

"ओले आहेत," ती म्हणाली. "पायांना बुरशी येईल." आणि तिने ओमचे पाय मांडीवर घेऊन आपल्या ओढणीने पुसले, बोटांच्या मधूनसुद्धा, लहान बाळाचे पुसतात तसे. ओम तेव्हा रडली. तेराव्यालाही ती रडली नव्हती.

मी मिस बास्कमबद्दल सांगितलं. सोमवारी जायचं ठरलं. "मीही येते," परबत्ती म्हणाली, "मलाही बोलायचंय त्या बाईशी. तिला ऐकवतं का बघते." मग तिने कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. मागच्या खोलीची, जिथे शेताची औषधं असतात. मी मागितली नव्हती. मी ती खिशात घातली आणि दर थोड्या वेळाने चाचपत राहिलो.

"चला, वर चला," ती म्हणाली. "एक रोटी जळली, बाकीच्या आहेत. भैया, तूही."

आम्ही वर गेलो. बूट तिने उचलून जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवले होते, तोंडं घराकडे करून. वरच्या पायरीवर आम्ही तिघेही थांबलो. पाय तिथे आपोआप थांबतात. मी तर वळलोही. परबत्तीने दार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं आणि सरळ आत गेली. तिच्यामागे ओम गेली, सरळ.

मी रस्त्याकडे तोंड करून एकटा उभा राहिलो. खाली झोळी रिकामी हलत होती. जिन्याची मधली पायरी करकरली, कोणी वजन टाकल्यावर करकरते तशी. लाकूड रात्री आकसतं आणि आवाज करतं, हे मी आठवीला शिकवतो.

"मामू, येतोस ना?"

मी वळलो आणि सरळ आत गेलो. मानेवर गार वाटलं. हात मागे दाराकडे गेला, तर परबत्ती म्हणाली, "राहू दे ते उघडं."

जेवण होईपर्यंत ते उघडंच राहिलं. आम्ही तामेशबद्दल बोललो. तो डॉमिनो खेळताना लबाडी करायचा. त्याला शीळ वाजवता येत नसे आणि तो दिवसभर वाजवायचा. ओम अडीच रोट्या जेवली. मधेच जिना करकरायचा आणि आम्ही तिघेही बोलता बोलता दाराकडे बघायचो. दारात काळोख होता, आणि आम्ही पुन्हा बोलायला लागायचो. उंबऱ्याच्या आत काहीतरी आलेलं आहे, हे मला जाणवत होतं. त्या दोघींनाही जाणवत असावं, कारण त्याही मधूनच मान वळवत होत्या, कानाशी हात नेत होत्या. त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. शेवटी ओमच म्हणाली.

"मा, काहीतरी आत आलंय."

"मघापासून," परबत्ती पोटरी खाजवत म्हणाली.

घरभर डास झाले होते.